बंदूक बघायची आहे

त्या म्युझियमपाशी आम्ही थांबलो ते वैदेहीला बाथरूमला जायचं होतं म्हणून. हे आधीच सांगून टाकते, कारण अण्णांना ही हकिगत सांगताना मी ती थोडी बदलली होती, आणि तो बदल मला अजून टोचतो. पानांचे रंग बघायला आम्ही दोघी सकाळी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावातून निघालो होतो. वैदेही माझी रूममेट, नागपूरची, माझ्याहून एक वर्ष सीनियर. गाडी तिची, तिसऱ्या की चौथ्या हातची, डाव्या बाजूचा आरसा चिकटपट्टीने धरून ठेवलेला. दोन तास डोंगरातून गाडी चालवल्यावर ती म्हणाली, "आता जे पहिलं दिसंल तिथं थांबते मी. चर्च दिसो का स्मशान. मला नाही धरवत बाप्पा." पहिली दिसली ती म्युझियमची तपकिरी पाटी. एक जुनी, लांबट, लाल विटांची इमारत होती, आणि पूर्वी तिथे बंदुका बनवणाऱ्या एका प्रसिद्ध माणसाचा कारखाना होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. अण्णांनी ते कधी उच्चारलं नाही. ते त्याला शेवटपर्यंत 'मिस्त्री' म्हणत राहिले, त्यामुळे माझ्यासाठीही तो मिस्त्रीच.

वैदेही आत पळाली आणि मी तिच्या मागून गेले. दार उघडल्याबरोबर एक वास आला आणि माझे पाय तिथेच थांबले. लाकूड, लोखंड आणि बंदुकीचं तेल. तो अण्णांच्या हाताचा वास होता.

अण्णा परभणीच्या पोलीस मुख्यालयात आरमोरर होते. शस्त्रागारातल्या बंदुका साफ करायच्या, बिघडल्या तर दुरुस्त करायच्या, हे त्यांचं काम. शिक्षण सातवी. पोलीस लाइनीत आम्हाला दोन खोल्या होत्या, वर पत्रा, पुढे हातभर ओटा. सकाळी परेडचा बिगुल वाजायचा तेव्हा आईची तिसरी भाकरी तव्यावर असायची. बिगुल आणि भाकरी थापल्याचा आवाज हे दोन्ही मला अजून एकत्रच आठवतात. अण्णा संध्याकाळी घरी आले की आई त्यांना आधी मोरीत पाठवायची. राखेने, मग साबणाने, मग पुन्हा राखेने ते हात घासायचे. तरी त्यांच्या ताटातल्या येसर आमटीला तेलाचा वास लागतो असं आईचं म्हणणं होतं. मला तसा कधी आला नाही. किंवा आला असेल, पण आमटीचा वास तोच असतो असं मी समजत असेन.

घरी त्यांनी बंदूक कधी आणली नाही. नियमच होता तसा. पण बंदुकीची नळी साफ करायची दोरी, पुलथ्रू, तिला अण्णा 'पुलतुरू' म्हणत, ती एक जुनी, बाद झालेली आमच्या घरी होती. एका टोकाला बोटाएवढं पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फास. फासात कापडाची चिंधी अडकवायची, वजन नळीत सोडायचं आणि खालून दोरी ओढायची, की चिंधी सगळी घाण घेऊन बाहेर येते. सरकारी फ्लॅनेल वेळेवर आलं नाही की आईच्या जुन्या मऊ लुगड्याच्या चिंध्या व्हायच्या. चार बोटं लांब, दोन बोटं रुंद. त्या कापायचं काम माझं होतं. एखादी वाकडी कापली गेली की अण्णा काही बोलायचे नाहीत, नुसती बाजूला ठेवायचे. त्या बाजूला ठेवण्याची मला शाळेतल्या छडीपेक्षा जास्त भीती वाटायची.

म्युझियमच्या दुसऱ्या दालनात काचेच्या पेटीत एक पुलतुरू होती. वेटोळं करून, खाली छापील चिठ्ठी लावून ठेवलेली. भोवती भिंतीभर बंदुका होत्या, लोक त्यांच्याकडे बघत होते, आणि मी त्या दोरीपुढे उभी होते. वैदेही हात पुसत आली. "काय पाहून राहिली एवढं? सुतळी आहे ती." मी म्हटलं, "आमच्या घरी आहे ही." ती हसायला लागली, आणि मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. तिने मला पाण्याची बाटली दिली आणि बाहेर जाऊन गाडीत बसली. मला हवा तेवढा वेळ तिने दिला. तिचे उपकार मोजायला बसले तर हा मी आधी मोजते.

इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. परभणीलाच शेतकीची पदवी घेतली, माती हा विषय आवडला, एका सरांनी अर्ज भरायला लावले, आणि पुढचं सगळं मला न विचारता घडत गेल्यासारखं झालं. स्टेट कॉलेजला मी एम.एस. करत होते. दिवसभर प्रयोगशाळेत मातीचे नमुने चाळायचे, संध्याकाळी कॅम्पसच्या बसने अपार्टमेंटला यायचं, मेक्सिकन टॉर्टिया तव्यावर भाजून तिला भाकरी म्हणायचं. घरची आठवण येते हे मी कुणाला सांगत नसे. एवढ्या लांब आलेल्या पहिल्या माणसाने तक्रार करायची नसते, असा माझा आपला समज होता. रविवारी सकाळी कॉलिंग कार्डावरचे आकडे दाबून घरी फोन लावायचा. आई अर्धा तास बोलायची. काय जेवायलीस, थंडी किती हाय, शेजारच्या जमादारांच्या सुनेला मुलगी झाली. मग ती म्हणायची, "थांब, अण्णांला देते." फोन हातातून हातात जायचा तेवढी खरखर, आणि मग अण्णा:

"बरी हायस का?"

"हो अण्णा."

"अभ्यास?"

"चाललाय."

"बरं. आईला देतो."

एवढंच. पहिलं सगळं वर्ष एवढंच. आमचं काही बिनसलेलं नव्हतं. बोलायला विषय नव्हता. मी मातीबद्दल काय सांगणार, आणि ते निवृत्त होऊन लाइनीबाहेरच्या भाड्याच्या घरात राहायला गेलेले, ते मला काय सांगणार.

तो रविवार खंडेनवमीचा की दसऱ्याचा होता, आता नक्की आठवत नाही. पण शस्त्रपूजेचे दिवस होते खरे. शस्त्रागारात त्या दिवशी बंदुका ओळीने मांडून त्यांना झेंडू वाहायचे आणि अण्णा पूजा होईपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. निवृत्तीनंतरही घरी ते त्या जुन्या पुलतुरूची आणि एका पान्याची पूजा करत. मी फोन लावला. बरी हायस का, अभ्यास, झालं. ते आईला फोन देणार तेवढ्यात मी म्हटलं, "अण्णा, मी काल बंदुकीच्या म्युझियमला गेले होते."

खरखर थांबली.

"कशाच्या?"

मी सांगितलं. मिस्त्री, विटांची इमारत, काचेतली पुलतुरू. "तुमची आठवण झाली म्हणून मुद्दाम गेले. दोन तास लांब आहे." हाच तो बदल. बाथरूमचं मी सांगितलं नाही.

अण्णा त्या दिवशी कार्ड संपेपर्यंत बोलले. पितळी वजन गोल आहे का पैलू पाडलेलं? दोरी कशाची? नळ्या आतून कोऱ्या आहेत का आटे पाडलेल्या, बघितलंस? मी बघितलं नव्हतं. बघायचं कसं तेही मला माहीत नव्हतं. तर म्हणाले, "परत गेलीस तर फोटो काढ. पुऱ्या बंदुकीचा नको. बोल्टचा काढ." बोल्ट म्हणजे बंदुकीची ती मागेपुढे सरकणारी दांडी. तिच्यात बंदुकीचा सगळा जीव असतो, असं अण्णा म्हणत.

परत गेले. वैदेहीने नेलं. "पण ते फोटो ईमेल नको करू हं यार," ती म्हणाली. "सध्याचे दिवस पाहते ना, अकरा सप्टेंबरनंतरचे? माझ्या मावसभावाची दाढी होती तर त्याला एअरपोर्टवर दोन तास बसवून ठेवला. तू तं बंदुकांचे फोटो पाठवून राहिली." घरी ईमेल होतंच कुठे. मी फोटो धुऊन, मागे पेट्यांचे नंबर घालून, पाकिटातून पाठवले. म्युझियम सांभाळायला हॅरल्ड नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते, पूर्वी शाळेची बस चालवायचे. खांद्यावरून पट्टे गेलेली पँट, कानात यंत्र. फोटो काढू का असं विचारताना माझी जीभ अडखळली. माझं नाव, देश, कशासाठी, सगळं विचारतील असं वाटलं. ते म्हणाले, "फ्लॅश बंद कर. काचेवर उजेड येतो." बाकी काही नाही.

तीन आठवड्यांनी अण्णांचं पत्र आलं. आयुष्यात त्यांनी लिहिलेले कागद म्हणजे शस्त्रागाराच्या नोंदी आणि अहवाल. पत्र लिहायची त्यांना दुसरी रीत माहीतच नव्हती. ते पत्र माझ्याकडे आहे. 'सदर फोटो क्रमांक तीनमध्ये बोल्ट पूर्ण बंद स्थितीत नसून अंदाजे अर्धा सूत मागे असल्याचे दिसून येते. सबब आतील स्प्रिंग कमजोर झाली असावी. फोटो क्रमांक पाचमधील बोल्ट हा आपल्या थ्री नॉट थ्रीच्या बोल्टच्या आज्याप्रमाणे दिसतो.' शेवटी, 'तुझी प्रकृती ठीक असल्याचे समजून समाधान झाले.' सही, आणि सहीखाली सवयीने लिहिलेला आणि मग खोडलेला बक्कल नंबर.

मी ते पत्र तोडक्यामोडक्या इंग्रजीत हॅरल्डना वाचून दाखवलं. 'आज्याप्रमाणे' हे सांगायला मला बराच वेळ लागला. ते उठले, किल्ल्या आणल्या, तीन नंबरची पेटी उघडली, ती बंदूक खाली उतरवली आणि बोल्ट दोनदा मागेपुढे केला. मग माझ्याकडे वळले. "तुझ्या वडिलांनी हे फोटोवरून सांगितलं?" मी हो म्हटलं. "स्प्रिंग खरंच गेली आहे," ते म्हणाले. "एकवीस वर्षं मी इथे आहे, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. त्यांना घेऊन ये. मी सगळ्या पेट्या उघडीन." मग म्हणाले, "माझ्यासाठी उघडीन, त्यांच्यासाठी नाही."

अण्णांना आणायचं ठरलं ते असं. मे महिन्यात माझा पदवीदान समारंभ होता, ते निमित्त होतं. पण घरात सगळ्यांना माहीत होतं की अण्णा म्युझियम बघायला येणार. आई म्हणाली, "मला नगं बाई ते इमान. हे जाऊन येऊ द्या." त्यांनी पासपोर्ट काढला. पोलीस पडताळणीला जो शिपाई आला तो त्यांच्याच हाताखाली बंदूक साफ करायला शिकलेला. तो चहा पिऊन, मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन गेला. लाइनीतले लोक रस्त्यात थांबवून विचारत, "अण्णा, अमेरिकेतल्या बंदुका बिघडल्या का काय?" अण्णा खूष. फोनवर आता आई पाच मिनिटं आणि अण्णा पंचवीस. त्यांनी वहीत बघायच्या गोष्टींची यादी केली होती, आणि दर रविवारी तीत एखादी गोष्ट वाढलेली असायची. इतक्या वर्षांत न बोललेलं सगळं ते बोल्ट, नळी, स्प्रिंग असं करून बोलत होते. मीही तसंच बोलत होते. तुमची फार आठवण येते हे वाक्य मला त्यांच्यापुढे कधी उच्चारता आलं नाही. पण आज हॅरल्डनी मागच्या खोलीतली लेथ दाखवली, हे सांगता येत होतं.

आणि मग फेब्रुवारीतला तो एक फोन. थीसिसची तारीख जवळ आली होती, मातीचे चाळीस नमुने पुन्हा तपासावे लागणार होते, बाहेर बर्फाचा चिखल. अण्णा उत्साहात विचारत होते, दीड महिना राहू का दोन? मी वैतागून म्हणाले, "अण्णा, मला इथे श्वास घ्यायला वेळ नाही. तुम्ही आलात तरी मी दिवसभर लॅबमध्ये असणार. एकटे बसून काय करणार तुम्ही?" ते म्हणाले, "तू तुझं काम कर. मी म्युझियम बघतो." आवाजात काही फरक नव्हता. निदान मला कळला नाही.

व्हिसाची मुलाखत मुंबईला होती; सोबतीला आई गेली होती. मी फोनवर तयारी करून घेतली होती. समारंभाचं पत्र, निवृत्तीवेतनाचे कागद, घरभाड्याचे कागद, सगळं एका पिशवीत, याच क्रमाने. "दुभाषा मिळतो, मराठीत बोला. विचारतील तेवढंच सांगा आणि खरं सांगा," असं मीच सांगितलं होतं. हे त्यांना सांगायची गरज नव्हती. पंचवीसेक वेळा कोर्टात साक्ष दिलेला माणूस तो.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला तर आईने उचलला. "नाही म्हणले गं." मी म्हटलं, "का? काय विचारलं?" आईने त्यांना फोन दिला. अण्णा म्हणाले, "विचारलं, कशाला जायचंय. मी म्हटलं, एक बंदूक बघायची हाय."

मला काय झालं कोण जाणे. मी ओरडले. बंदूक? त्या खिडकीत उभं राहून कुणी बंदूक म्हणतं का? इथे काय दिवस चालले आहेत तुम्हाला कल्पना आहे का? समारंभाचं पत्र हातात होतं ना? एवढं तयार करून पाठवलं होतं, एक वाक्य बोलायचं होतं! अण्णा शांतपणे ऐकत होते. वरिष्ठ बोलत असताना मध्ये बोलायचं नाही ही त्यांची नोकरीतली सवय. आणि त्या क्षणी मी त्यांची वरिष्ठ झाले होते. माझं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "चुकलं माझं." आणि त्यांनी फोन आईकडे दिला.

सातवी पास बाप आणि अमेरिकेत शिकणारी मुलगी. 'चुकलं माझं' हे शब्द त्यांनी मला त्याआधी कधी म्हटले नव्हते. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ येत चालले आहे, माझी मुलगी मला इंग्रजीत उलट उत्तरं देते, आणि तिच्यावर रागावले की मला ते दोन शब्द ऐकू येतात आणि मी गप्प बसते.

पुढच्या दोन रविवारी अण्णा फोनवर आले नाहीत. आई म्हणायची, मंदिरात गेलेत. नाहीतर, लाइनीत गेलेत. तिसऱ्या रविवारी मी आईला म्हटलं, "त्यांना काही कळत नाही का गं? एवढं साधं होतं."  आई म्हणाली, "तुला पुरतं सांगितलं नाही त्यांनी."

"म्हणजे?"

"बंदूक म्हणल्यावर त्या मराठी बोलणाऱ्या पोरीनं त्यांला सांभाळून घेतलं. म्हणली, बाबा, मुलगी तिकडं हाय ना तुमची? मुलीला भेटायला चाललाव, असंच ना? तर हे म्हणले, नाही बाई. मुलीला येळ नसतो. तिला तरास द्यायला नाही चाललो. मी बंदूक बघून येणार."

फोनच्या तारेत दोन क्षणांचा उशीर असायचा तेव्हा. तो उशीर संपला. आईच म्हणाली, "सगळ्यांला सांगायलेत, त्यांनी बंदुकीमुळं नाही म्हणलं. खरं घरात कुणाला सांगितलं नाही. मला येताना गाडीत बोलले, डब्यातले लोक झोपल्यावर."

मी त्या बाईला मनात कितीदा तरी बघितलं आहे. काचेच्या पलीकडची ती दुभाषी मुलगी, माझ्याच वयाची असेल. तिने त्यांच्या हातात उत्तर ठेवलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. अण्णांना वाटलं असेल, हे खोटं होईल. कारण मीच तर सांगितलं होतं की मला वेळ नाही, आणि खरं सांगा, हेही मीच सांगितलं होतं. म्युझियमला मी त्यांच्या आठवणीने मुद्दाम गेले होते, यावर त्यांनी विश्वास ठेवला. आणि मला वेळ नाही, यावरही ठेवला. माझं प्रत्येक वाक्य त्यांनी जबानीसारखं धरलं होतं.

पुढच्या शनिवारी मी वैदेहीला म्हटलं, "मला म्युझियमला ने." तिने कारण विचारलं नाही. रस्त्यात एकदाच म्हणाली, "माझा मोबाइल घे. वीकेंडले फ्री आहे. कार्डाचा नंबर लाव अन् मनसोक्त बोल." डोंगरावर अजून पालवी नव्हती. हॅरल्ड नुकतंच कुलूप उघडत होते. मी त्यांना सांगितलं की माझे वडील येत नाहीत. त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं. मग मी विचारलं, "इथून त्यांना फोन लावला तर चालेल?"

परभणीला संध्याकाळ होती. मी आईला म्हटलं, अण्णांना दे. नाही म्हणाले तरी दे. खरखर, मग श्वास.

"अण्णा, मी म्युझियममध्ये आहे. हॅरल्ड पेटी उघडतायत. पाच नंबर."

 हॅरल्डनी पाच नंबरची बंदूक टेबलावर ठेवली. मी मोबाइल बोल्टपाशी धरला आणि त्यांना खूण केली. त्यांनी दांडी वर उचलली, मागे ओढली, पुढे ढकलली, खाली दाबली. रिकाम्या दालनात तो आवाज मोठा झाला. मी मोबाइल कानाला लावला.

"परत," अण्णा म्हणाले.

पुन्हा केलं.

"परत. हळू."

तिसऱ्यांदा झाल्यावर ते म्हणाले, "कोरडा हाय. उजवीकडून घासायलाय. तेल द्यायला सांग, एकच थेंब. बोटानं नगं, चिंधीनं."

मी हॅरल्डना सांगितलं. ते म्हणाले, "येस, सर," मला नाही, मोबाइलला. तेल आणलं, कापडाचा तुकडा आणला, त्यावर एक थेंब घेतला आणि दांडीच्या उजव्या कडेने फिरवला. मग बोल्ट ओढला. या वेळी आवाज वेगळा आला. मलासुद्धा कळलं.

"हां," अण्णा म्हणाले. "आता बोलायलाय."

हॅरल्ड माझ्याकडे बघत होते. "काय म्हणतात?" मी सांगितलं. ते हसले, हात पुसले आणि म्हणाले, "विचार त्यांना, कधी येतायत?" मी नुकतंच सांगितलं होतं तरी त्यांनी असं विचारलं. यंत्रामुळे ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल.

मी खिडकीपाशी गेले. बाहेर गाडीत वैदेही सीट मागे करून झोपली होती.

"अण्णा, आपण परत अर्ज करू."

"नगं. परत तेच इचारतील."

"विचारू द्या. या वेळी विचारलं की सांगा, मुलीला भेटायला चाललोय."

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"मला वेळ आहे, अण्णा. त्या दिवशी मी उगाच बोलले. मला खूप वेळ आहे. तुम्ही यायला पाहिजे. म्युझियमचं राहू द्या. मला तुम्ही इथे हवे आहात."

इतकं बोलल्यावर मला वाटलं, लाइन कट झाली. मी मोबाइलच्या पडद्याकडे बघितलं. सेकंद पळत होते. मग अण्णांचा आवाज आला, बाजूला कुणी ऐकत असल्यासारखा हलका:

"असं सांगितलं तर चालंल?"

"हो, अण्णा."

"बरं," ते म्हणाले. "तसं सांगतो."

दुसरी मुलाखत समारंभाच्या दहा दिवस आधी मिळाली. अण्णा एकटेच गेले, रात्रीच्या गाडीने, आईच्या हातचे धपाटे घेऊन. या वेळी मी कागदांचा क्रम सांगितला नाही, काही पाठ करून घेतलं नाही. तारीख उजाडली तेव्हा स्टेट कॉलेजला पाऊस पडत होता आणि लॅबमध्ये माझे नमुने ओव्हनमध्ये वाळत होते. मी वैदेहीचा मोबाइल घेऊन पायऱ्यांवर बसले. अण्णांनी मुंबईत रस्त्यावरच्या पीसीओमधून घरी कळवलं होतं आणि ते परतीच्या गाडीत होते. आई म्हणाली, या वेळीही नाही म्हणाले. कारण दिलं नाही, एक छापील चिठ्ठी दिली.

मी विचारलं, "अण्णा कसे होते गं?"

"बरे होते," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला कळेना असं काहीतरी होतं. "मी म्हणलं, वाईट वाटून घेऊ नका. तर म्हणले, वाईट काय त्यात. त्यांनी इचारलं, कशाला जायचंय. मी त्यांला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तेच म्हणलं मी. काय सांगितलं? तर लाजले गं. म्हणले, तिला माहीत हाय."